जहाजाचं तेल बदलायचं म्हणजे काय काय बदलायचं?

गणपतीत घरी गेलो होतो तेव्हा मामाही सुट्टीवर आला होता. माझा मामा मालवाहू जहाजावर मोटरमन आहे. म्हणजे इंजिनरूममध्ये इंजिनिअर साहेबांच्या हाताखाली प्रत्यक्ष पाना चालवणारा माणूस. आमच्याकडे कोकणात प्रत्येक वाडीत असे एक-दोन दर्यावर्दी सापडतातच. आरती झाली, मोदक झाले, आणि मामाने मला ओटीवर बोलावून विचारलं, “काय रे, तू मेकॅनिकलला ना? मग सांग, मिथेनॉल म्हणजे तेच ना, जे दारूत पडलं की माणसं आंधळी होतात आणि मरतात?”

मी म्हटलं, “हो मामा, तेच.”

“मग ते आता आमच्या इंजिनात जाळणार म्हणतायत. पुढच्या जहाजावर चढायच्या आधी कोर्स कर म्हणून सांगितलंय. जाऊ की नको जाऊ?”

खरं सांगतो मित्रांनो, माझी बोलती बंद झाली. थर्मोच्या पेपरात ज्वलनाची गणितं सोडवली होती, मार्कही बरे पडले होते. पण मामाला ‘जा’ म्हणायचं की ‘नको’, हे त्या गणितातून काही येईना. हॉस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीत बसलो, सरांना पिडलं, मर्चंट नेव्हीत गेलेल्या सीनिअर्सना फोन केले. त्यातून जे समजलं ते हे. मामासाठीच लिहिलंय, पण आपल्या हॉस्टेलमधूनही दरवर्षी काही जण जहाजावर जातात, त्यांनाही उपयोगी पडेल.

आज जहाज काय जाळतं?

मोठी जहाजं ज्यावर चालतात ते जड तेल म्हणजे रिफायनरीत पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून झाल्यावर खाली उरलेला गाळ. थंड असताना काकवीसारखं घट्ट. ते आधी टाकीत गरम करायचं, मग सेंट्रिफ्यूजमधून फिरवून पाणी आणि कचरा काढायचा, मग आणखी गरम करून पातळ करायचं, तेव्हा कुठे ते इंजेक्टरमधून फवारलं जातं. मामाचं निम्मं आयुष्य ह्या तेलाची सेवा करण्यात गेलंय.

मध्यम आकाराचं एक मालवाहू जहाज दिवसाला साधारण ३० टन तेल पितं असं धरू. एक टन जड तेल जाळलं की ३.११४ टन कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो. (टनापेक्षा जास्त कसा? कारण कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो. हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.) म्हणजे एका जहाजाच्या धुराड्यातून रोज ९३ टन. जगातल्या सगळ्या जहाजांचं मिळून २०१८ साली माणसाने केलेल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी जवळपास २.९ टक्के होतं.

आता कुणी म्हणेल, नवीन जहाजं नवीन इंधनाची बांधा, झालं काम. पण जहाज म्हणजे मोबाईल नव्हे. एक जहाज साधारण २५ वर्षं चालतं. यंदा पाण्यात उतरलेलं जहाज २०५० च्या सुमारासही माल वाहत असेल. म्हणून जी जहाजं आज चालू आहेत त्यांचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

जागेचं गणित

इंधन निवडताना आपण पहिल्यांदा किलोमागे उष्णता बघतो. जहाजवाला मात्र टाकी किती मोठी लागेल ते बघतो, कारण टाकीने जागा खाल्ली की तेवढा माल कमी.

जड तेलाच्या एका लिटरमध्ये सुमारे ३९ मेगाज्यूल ऊर्जा असते. मिथेनॉलच्या लिटरमध्ये १५.७, द्रवरूप अमोनियात १२.७ आणि द्रवरूप हायड्रोजनमध्ये जेमतेम ८.५. म्हणजे तेलाच्या एका टाकीच्या जागी मिथेनॉलच्या अडीच टाक्या, अमोनियाच्या तीन, तर हायड्रोजनच्या साडेचार टाक्या लागणार. शिवाय अमोनिया द्रवरूप ठेवायला उणे ३३ अंश आणि हायड्रोजनला उणे २५३ अंश सेल्सिअस तापमान हवं. त्या टाक्यांना थर्मासासारखं जाड आवरण लागतं, ती जागा वेगळीच.

मिथेनॉल मात्र साध्या तापमानाला पाण्यासारखं द्रव असतं. साध्या टाकीत राहतं, साध्या पंपाने चढतं. चालू जहाजांच्या बाबतीत पहिला नंबर त्याचा लागला तो ह्या गुणामुळे.

बॅटरीचा हिशोबही मी करून बघितला. वीस दिवसांच्या सफरीला आपलं जहाज ६०० टन तेल जाळेल. इंजिनाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर शाफ्टवर सुमारे ३३ लाख युनिट ऊर्जा मिळते. बॅटरीत किलोमागे १२० वॉट-तास धरले तर तेवढ्यासाठी २७-२८ हजार टनांची बॅटरी हवी! जहाज मालाऐवजी बॅटरीच वाहत बसेल. पण हीच बॅटरी छोट्या फेरीला मात्र उत्तम. नॉर्वेत ‘अँपिअर’ नावाची गाड्या वाहणारी फेरीबोट २०१५ पासून बॅटरीवर चालते, कारण तिची एक खेप सुमारे वीस मिनिटांची असते आणि प्रत्येक काठावर चार्जिंग मिळतं. आपल्याकडे कोची वॉटर मेट्रोच्या बोटी २०२३ पासून बॅटरीवर धावतात, त्याही ह्याच कारणाने.

एक चालतं जहाज: स्टेना जर्मानिका

स्वीडनचं गोथेनबर्ग ते जर्मनीचं कील ह्या मार्गावर ‘स्टेना जर्मानिका’ ही २४० मीटर लांबीची फेरीबोट प्रवासी, मोटारी आणि ट्रक नेते. बांधणी २००१ सालची. चार इंजिनं, मिळून २४ मेगावॉट. २०१५ च्या सुरुवातीला पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या गोदीत नेऊन तिला मिथेनॉलवर चालण्याजोगी केली. मुख्य इंजिनासाठी मिथेनॉल वापरणारं हे जगातलं पहिलं मोठं जहाज.

तिथे त्यांनी काय काय बदललं ते बघण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट टाकी. जहाजाच्या तळाशी दुहेरी तळ असतो आणि त्यात तोल सांभाळायला समुद्राचं पाणी भरतात. त्यातल्याच काही टाक्या मिथेनॉलसाठी घेतल्या. तेलाची टाकी अशी तळाच्या पत्र्याला लागून ठेवायला कुणी सहज परवानगी देत नाही, कारण पत्रा फुटला की समुद्रभर तवंग. मिथेनॉल मात्र पाण्यात विरघळतं आणि जिवाणू ते लवकर खाऊन टाकतात. म्हणून ती जागा चालली आणि मालाच्या जागेला हात लावावा लागला नाही.

दुसरी गोष्ट इंजिन. डिझेल इंजिनात हवा दाबली की ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. मिथेनॉलला हे जमत नाही. त्याचा सीटेन अंक फारच कमी, नुसत्या दाबाने ते पेट घ्यायला तयार नसतं. चुलीत ओलं लाकूड पेटवायला आपण आधी रॉकेलचा बोळा लावतो ना, तसं करावं लागतं. आधी थोडंसं डिझेल फवारायचं, ते पेटलं की पाठोपाठ मिथेनॉल. त्यासाठी एकाच इंजेक्टरमधून दोन्ही इंधनं वेगवेगळ्या वाटेने जातील अशी रचना केली आणि मिथेनॉलला सुमारे ६०० बारचा दाब देणारे पंप बसवले. फायदा असा की मिथेनॉल संपलं किंवा बिघाड झाला तर इंजिन सरळ डिझेलवर चालू राहतं. भर समुद्रात हे फार महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट नळ्या. जहाजाच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे इंधनाचा फ्लॅश पॉइंट किमान ६० अंश सेल्सिअस हवा. मिथेनॉलचा आहे ११-१२ अंश! म्हणजे इंजिनरूमच्या उकाड्यात गळलेलं मिथेनॉल वाफ होऊन ठिणगीची वाटच बघत असणार. म्हणून नळीच्या आत नळी, मधल्या पोकळीतून सतत हवा खेचणारे पंखे आणि वाफ हुंगणारे सेन्सर. टाकीत रिकाम्या राहिलेल्या जागेत हवेऐवजी नायट्रोजन भरलेला. शिवाय मिथेनॉल ॲल्युमिनियमला खातं, काही रबरी सील फुगवतं आणि तेलासारखं वंगणही देत नाही. त्यामुळे गॅस्केटपासून पंपापर्यंत बारीकसारीक सामान तपासून बदलावं लागतं.

हे सगळं करून जहाज पुन्हा आपल्या मार्गावर लागलं. पुढे २०२४ मध्ये ‘मर्स्क हॅलिफॅक्स’ ह्या अवाढव्य कंटेनर जहाजाचंही असंच रूपांतर चीनमधल्या गोदीत झालं. तिथे टाक्यांना जागा करायला आणि कंटेनरही कमी पडू नयेत म्हणून जहाजच कापून १५ मीटरने लांब केलं. काम ८८ दिवसांत पुरं. आपल्या हॉस्टेलच्या गळक्या टाकीचं काम किती दिवस चाललंय ते मी लिहीत नाही.

पण ते मिथेनॉल आलं कुठून?

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. पण सरांनी एकच प्रश्न विचारला आणि हवा काढली: “मिथेनॉलच्या रेणूत कार्बन आहे ना? मग धूर कमी झाला कसा?”

गणित करून बघा. एक मेगाज्यूल उष्णतेसाठी जड तेल जाळलं तर सुमारे ७७ ग्रॅम कार्बन डायऑक्साईड सुटतो. मिथेनॉल जाळलं तर ६९ ग्रॅम. धुराड्यावर फरक फक्त दहा टक्क्यांचा. आणि हे मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून बनवलेलं असेल तर कारखान्यातला धूर धरून एकूण हिशोब तेलापेक्षा थोडा जास्तच निघतो!

मग स्टेनाने हा खटाटोप केला कशाला? कारण होतं गंधक. जानेवारी २०१५ पासून बाल्टिक आणि उत्तर समुद्रात इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आली. मिथेनॉलमध्ये गंधक जवळजवळ नसतंच. सुरुवातीला तिथे वापरलेलं मिथेनॉल नैसर्गिक वायूपासूनचंच होतं. गंधक गेलं, काजळी गेली, पण कार्बन होता तिथेच होता. २०२१ मध्ये पोलाद कारखान्याच्या टाकाऊ वायूंपासून बनवलेलं थोडं मिथेनॉल ह्याच जहाजात भरलं गेलं, तेव्हा कार्बनची गोष्ट सुरू झाली.

खरं हिरवं मिथेनॉल दोन वाटांनी मिळतं. एक, शेण, उसाची मळी, शेतातला कचरा अशा जैविक मालापासून. दुसरी वाट विजेची. पवन किंवा सौर विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा आणि जैविक स्रोतातून पकडलेल्या कार्बन डायऑक्साईडशी त्याचा संयोग घडवायचा. मग जाळल्यावर जो कार्बन सुटतो तो हवेतूनच घेतलेला असल्याने खातं जवळपास मिटतं.

पण दुसऱ्या वाटेला वीज किती लागते? एक टन मिथेनॉलला सुमारे १९० किलो हायड्रोजन लागतो आणि एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज. म्हणजे टनाला अंदाजे १०,००० युनिट. आपल्या जहाजाला ३० टन तेलाऐवजी रोज ६० टन मिथेनॉल लागेल, म्हणजे रोज सहा लाख युनिट. एका जहाजासाठी २५ मेगावॉट वीज रात्रंदिवस! आणि त्या टनभर मिथेनॉलमध्ये ऊर्जा किती उतरते, तर साधारण ५,५०० युनिट. त्यातली निम्मी इंजिनात उष्णता होऊन जाते. विजेचा एक रुपया घातला तर पंख्यापर्यंत पोचतात चार आणे.

डेन्मार्कमधल्या कासो इथे मे २०२५ मध्ये असा कारखाना सुरू झाला. क्षमता वर्षाला ४२,००० टन. शेजारी ३०० मेगावॉटचं सौर उद्यान. एवढा मोठा कारखाना, पण आपल्या हिशोबाची जेमतेम दोन जहाजंच त्यावर वर्षभर चालतील. ‘लॉरा मर्स्क’ हे २०२३ साली आलेलं, मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज तिथूनच इंधन घेतं. जहाजं तयार आहेत, इंजिनं तयार आहेत. हिरवं इंधन पुरेसं नाही आणि आहे ते तेलापेक्षा कितीतरी महाग आहे.

बाकीचे उमेदवार

द्रवरूप नैसर्गिक वायूवर जहाजं नॉर्वेत २००० सालापासून चालतात. धुराड्यावर कार्बन कमी होतो हे खरं, पण थोडासा मिथेन न जळता तसाच निसटतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २८ पट तापवतो, त्यामुळे थोडी गळतीसुद्धा कमाई खाऊन टाकते.

अमोनियात कार्बनच नाही, म्हणून तो सगळ्यांचा लाडका. जपानमध्ये ‘साकिगाके’ नावाची टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी बोट, २०१५ साली नैसर्गिक वायूवर बांधली होती. तिचं इंजिन बदलून ऑगस्ट २०२४ पासून ती अमोनियावर चालवली. तीन महिन्यांच्या चाचणीत हरितगृह वायू ९० टक्क्यांहून जास्त घटले. पण अमोनिया नीट जळला नाही तर नायट्रस ऑक्साईड सुटतो आणि तो कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७० पट जालीम. शिवाय अमोनिया विषारी. हवेत दहा लाखात ३०० भाग झाला की ती जागा जिवाला तातडीची धोकादायक समजतात. मामाला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे बर्फाच्या कारखान्यातला गॅस! तो सुटला की आम्ही बंदरावरून पळायचो. इंजिनरूममधून पळायचं कुठे?”

आपल्या जवळचं सांगायचं तर केंद्र सरकारने १६ ऑगस्ट २०२४ रोजी हरित टग कार्यक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात चार बंदरांना प्रत्येकी दोन हरित टग घ्यायच्या आहेत आणि त्यात आपलं न्हावाशेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर आहे. टगपासून सुरुवात करणं शहाणपणाचं वाटतं. ती बंदर सोडून लांब जात नाही, रोज त्याच धक्क्याला परत येते, त्यामुळे चार्जिंग किंवा इंधनाची सोय एकाच ठिकाणी केली की भागतं.

नियम कुठे अडलेत?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये ठरवलं की २०५० च्या सुमारास जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं आणि २०३० पर्यंत जहाजांच्या ऊर्जेपैकी किमान ५ टक्के शून्य किंवा जवळपास शून्य उत्सर्जनाच्या इंधनांतून घ्यायची. त्यासाठी कार्बनला किंमत लावणारा आराखडा एप्रिल २०२५ मध्ये मान्य झाला, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये अंतिम स्वीकाराच्या वेळी देशांत एकमत झालं नाही आणि निर्णय एक वर्षासाठी पुढे ढकलला गेला. युरोपने मात्र वाट पाहिली नाही. २०२४ पासून तिथे जाणाऱ्या जहाजांना कार्बनचे पैसे मोजावे लागतात, आणि १ जानेवारी २०२५ पासूनच्या नियमाने इंधनाचा कार्बन टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतोय. तिथला हिशोब विहिरीपासून धुराड्यापर्यंतचा आहे. म्हणजे ‘मिथेनॉल वापरलं’ एवढं सांगून सुटका नाही, ते कुठून आणलं तेही दाखवावं लागतं. सरांचा प्रश्न कायद्यातही आलाय म्हणा ना.

मामाचा प्रश्न

आता मूळ मुद्द्यावर येतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं गेली. त्या दारूत होतं मिथेनॉल. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसा जाळतं. त्याच वर्षी, दोन-तीन महिने आधी, तेच मिथेनॉल घेऊन स्टेना जर्मानिका शेकडो प्रवाशांसकट समुद्रात फिरू लागली होती. पदार्थ तोच. एकीकडे तो कुठल्या पिंपात काय आहे हे न कळता माणसांच्या पोटात गेला, दुसरीकडे नळीच्या आत नळीत, सेन्सरच्या पहाऱ्यात आणि शिकलेल्या माणसांच्या हातात राहिला.

मामाला मी हेच सांगितलं. म्हटलं, “कोर्स पुरता कर. आणि जहाजावर चढलास की आधी विचार, वाफेचे सेन्सर शेवटचे कधी तपासले, अंगावर उडालं तर धुवायचा शॉवर कुठे आहे, आणि इंधन भरताना अंगात काय घालायचं. उत्तर नीट मिळालं नाही तर काम सुरू करू नकोस.”

मामाने कोर्स केला. फी स्वतःच्या खिशातून भरली आणि तेवढ्या दिवसांचा पगारही नाही. ह्याबद्दल तो अजून कुरकुरतो आणि त्याचं बरोबर आहे. लाखो डॉलर इंजिनावर घालायचे आणि ते उघडणाऱ्या माणसाच्या शिकण्याचा खर्च त्याच्याच माथी, हे काही पटत नाही. कोर्सवरून आल्यावर त्याचा फोन आला. “अरे, भर दुपारी ट्रेमध्ये मिथेनॉल पेटवून दाखवलं. ज्वाला दिसतच नाही! मी म्हटलं विझलं असेल, हात जवळ नेला तर शेक लागला. मग त्यांनी उष्णता दाखवणारा कॅमेरा दिला, त्यात लालभडक. तीस वर्षं आम्ही धूर बघून आग ओळखली. आता धूरच नाही.”

मामाचं हे वाक्य डोक्यातून जात नाही. धूर नाही म्हणून आपण टाळ्या वाजवतो, आणि धूर नाही म्हणूनच खाली काम करणाऱ्याला नवी भीती शिकावी लागते. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांना एक सुचवतो. नवीन इंजिन काढायच्या भानगडीत पडू नका, ते मोठ्या कंपन्या करतायत. अदृश्य ज्वाला ओळखणारा, स्वस्त, मोटरमनच्या हेल्मेटला लावता येईल असा सेन्सर करून बघा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनाही सोबत घ्या.

मामा पुढच्या महिन्यात जहाजावर चढतोय. जाताना लाडू घेऊन हॉस्टेलवर येणार आहे. ज्यांना त्याच्याशी बोलायचं असेल त्यांनी माझ्या रूमवर यावं. लाडवांची खात्री देत नाही.